कानातली नागीण आणि वाकडं झालेलं तोंड



या अंकात मी कर्जाच्या हप्त्यांचं वेळापत्रक समजावून सांगणार होते. ते पुढच्या अंकात सांगते. आज एका आजाराबद्दल लिहिते, कारण त्यात माझ्याकडून एक चूक झाली. तीच चूक तुमच्यापैकी कुणाकडून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्या एका गटातल्या ताई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. शुगर आहे. कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. मंगळवारी बैठक होती, आणि त्या डाव्या कानावर पदर दाबून बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "परवापासून कान लई ठणकायलाय, मॅडम. आतून सुया टोचल्यावानी." लसणाचं कोमट तेल टाकून झालं होतं. (मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान आहे, तरी मला मॅडमच म्हणतात.) मी हजेरी लिहिता लिहिता सांगितलं, "वारं लागलं असेल, कान बांधून घ्या." आणि बचतीच्या हिशोबाकडे वळले.

बुधवारी कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला बारीक पाण्याचे फोड आले. गुरुवारी सकाळी चहा पिताना तो ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पदरावर ओघळला. सुनेने पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि डावा डोळा मिटेना. संध्याकाळी सीआरपी ताईंचा मला फोन आला. मी बँकेच्या मेळाव्यात होते, आजूबाजूला गोंगाट. मी म्हणाले, "सोमवारी मी येतेच आहे, तेव्हा बघू." शुक्रवारी घरच्यांनी त्यांना शेजारच्या गावात नागीण उतरवणाऱ्याकडे नेलं. तिथे कानाभोवती काव लावली, मंत्र घातला, आंघोळ बंद करायला सांगितली. सोमवारी मी पोहोचले तेव्हा डोळा लालभडक झाला होता, त्यांना भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं, आणि डाव्या कानाशी बोललं तर ऐकू येत नव्हतं. दुपारी आम्ही त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तोंड वाकडं कधी झालं?" गुरुवारी सकाळी. शंभर तास होऊन गेले होते. त्या म्हणाल्या, "औषध आजच सुरू करू. पण तीन दिवसांच्या आत आणलं असतं तर जास्त उपयोग झाला असता."

हे सगळं त्या ताईंच्या परवानगीने लिहिते आहे. नाव-गाव टाकू नका, बाकी सगळं लिहा, असं त्यांनी सांगितलं.

आता आजार काय आहे ते सांगते. मी एमएसडब्ल्यू केलं आहे, मी डॉक्टर नाही. पण त्या दिवसानंतर मी दवाखान्यात खोदून खोदून विचारलं आणि वाचलंही.

नागीण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. कमरेला, छातीला, पाठीला एका बाजूने पट्ट्यासारखे फोड येतात आणि आग आग होते. नागीण म्हणजे सापाचा कोप नाही, आणि कुणी केलेली करणीही नाही. लहानपणी आपल्याला कांजिण्या होतात, त्याच विषाणूचं हे काम. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीरातून जात नाही. तो नसांच्या मुळाशी जाऊन गप्प बसतो. बांधावरच्या हरळीसारखं समजा. वरून खुरपून काढली, वावर स्वच्छ दिसलं, पण मुळी खाली राहिली. वीस-तीस-चाळीस वर्षं तो असाच पडून राहतो. पुढे वय वाढलं, शुगर वाढली, एखाद्या आजाराने किंवा औषधाने शरीराची ताकद कमी झाली की तो जागा होतो आणि ज्या नसेच्या मुळाशी बसला होता त्याच नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून नागीण एकाच बाजूला येते आणि पट्टा धरून येते.

"नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो" हे मीही माझ्या आजीकडून ऐकलेलं. नस अर्ध्या अंगापुरतीच असते, मधली रेघ ओलांडून ती सहसा पलीकडे जात नाही, म्हणून नागिणीचा पूर्ण वेढा बसणं फार दुर्मीळ. उतरवणाऱ्या माणसाला यश मिळतं ते यामुळेच. नागीण मुळातच वेढा घालत नाही, आणि साध्या नागिणीचे फोड दोन-चार आठवड्यांत आपोआप सुकतात. श्रेय मात्र मंत्राला मिळतं.

कानात नागीण आली की हा हिशोब चुकतो. कारण हा विषाणू चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशीही बसलेला असू शकतो, आणि ते मूळ कानाच्या आत, कवटीच्या हाडात असतं. प्रत्येक बाजूला एक अशी नस असते. ती मेंदूतून निघते, कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून वळणं घेत जाते आणि कानाच्या खालून बाहेर येऊन चेहऱ्यावर फांद्यांसारखी पसरते. भुवई उचलणं, डोळा मिटणं, हसणं, फुंकर मारणं, घास गालात न अडकू देणं ही सगळी कामं तिची. जिभेच्या पुढच्या भागाची चवही तिच्याच सोबत जाते.

बोअरच्या मोटारीची केबल अरुंद पाईपातून ओढलेली असते ना, तसंच. केबल उघड्यावर असती आणि थोडी फुगली असती तर काही बिघडलं नसतं. पण पाईप हाडाचा आहे, तो ताणला जात नाही. विषाणू जागा झाला की नस सुजते. सुजायला जागा नाही, म्हणून ती आतल्या आत दाबली जाते आणि तिचा रक्तपुरवठा कमी होतो. मग चेहऱ्याची ती अख्खी बाजू लुळी पडते. जितका वेळ ती सुजलेली, दाबलेली राहील तितकं तिचं नुकसान वाढतं. तीन दिवसांचं महत्त्व यासाठी आहे.

त्याच बोगद्याच्या सुरुवातीला तिच्या शेजारून ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस जाते. आग शेजारच्या घराला लागते तशी सूज तिलाही लागते. मग कानात शिट्टी वाजल्यासारखा किंवा गिरणी चालू असल्यासारखा आवाज येतो, ऐकू कमी येतं, घर फिरल्यासारखी चक्कर येते, उलट्या होतात. आपण म्हणतो पित्त झालं. काहींना उलट त्रास होतो. ताट पडलं तरी कानात ठोका बसल्यासारखं वाटतं, कारण मोठा आवाज बेताने आत सोडणारा एक छोटा स्नायू कानात असतो आणि तोही याच चेहऱ्याच्या नसेवर चालतो.

या आजाराला रॅमसे हंट सिंड्रोम म्हणतात. जेम्स रॅमसे हंट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९०७ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. तुमच्या घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर तिला जस्टिन बीबर विचारा. तो कॅनडाचा मोठा गायक. २०२२ च्या जूनमध्ये त्याला हाच आजार झाला. त्याने स्वतःच्या मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवलं की चेहऱ्याची एक बाजू हलत नाही, एक डोळा मिटत नाही, आणि त्याचे गाण्याचे कार्यक्रम थांबवावे लागले. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. म्हणजे हा आजार फक्त म्हाताऱ्या माणसांचा नाही. पन्नाशीनंतर आणि शुगर असलेल्यांमध्ये, तसंच कॅन्सरची औषधं, एचआयव्ही किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असलेल्यांमध्ये जास्त दिसतो, एवढंच.

ओळखायचं कसं? बहुतेक वेळा पहिली खूण दुखणं असते. एकाच कानात, खोल, ठणकणारं किंवा जळजळणारं. आधी काही दिसत नाही. एक-दोन दिवसांनी कानाच्या पाळीत, भोकाच्या तोंडाशी किंवा कानामागे लाल जागेवर पाण्याचे फोड येतात. कधी ते जिभेवर किंवा टाळूलाच येतात आणि तोंड आलं असं वाटतं. कधी तोंड आधी वाकडं होतं आणि फोड मागून दिसतात. काहींना फोड येतच नाहीत. म्हणून फोडांची वाट पाहत बसायचं नाही. ज्या बाईचा एक कान जोरात दुखतो आहे, तिच्या कानात मोबाईलच्या बॅटरीचा उजेड पाडून बघा, तोंड उघडायला सांगून आत बघा. मग तिला सांगा: भुवया वर कर, डोळे घट्ट मीट, दात दाखव, गाल फुगव. एक बाजू मागे राहते का बघा. यात अर्धा मिनिट जातो. मंगळवारी हजेरी घेताना मीही एवढं बघायला हवं होतं, आणि गुरुवारचा तो फोन आल्यावर सोमवारची वाट पाहायला नको होती.

तोंड वाकडं होण्याची अजून दोन कारणं आहेत आणि तिन्हींची गल्लत होते. एक म्हणजे मेंदूचा झटका, ज्याला आपण वारं गेलं किंवा लकवा म्हणतो. त्यात बहुधा तोंडाबरोबर एका बाजूचा हात किंवा पायही लुळा पडतो, बोलणं अडखळतं, आणि कपाळाला आठ्या मात्र पाडता येतात. नसेच्या आजारात कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू जाते, आठीसुद्धा पडत नाही. दुसरं म्हणजे बेल्स पाल्सी. त्यातही हीच नस सुजते, पण फोड नसतात आणि दुखणं बहुधा कमी असतं. तो आजार जास्त आढळतो आणि त्यातले बहुतेक जण चांगले बरे होतात. हा फरक मी माहितीसाठी सांगितला. घरी बसून निकाल लावायला नाही. तोंड अचानक वाकडं झालं तर कारण कोणतंही असो, त्याच दिवशी दवाखाना. हात-पाय लुळा वाटत असेल किंवा बोबडं बोलत असेल तर लगेच १०८ ला फोन.

दवाखान्यात काय होतं? विषाणू वाढू नये म्हणून गोळ्या देतात. त्यांतली एक असिक्लोव्हिर, ती साधारण आठवडाभर दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते. पाच वेळा म्हटल्यावर आपल्या बायका तीन वेळा घेतात आणि उरलेल्या डब्यात ठेवतात. तसं करू नका. मोबाईलवर गजर लावा, नातवाला सांगा. दुसरं औषध सूज उतरवणारं, म्हणजे स्टिरॉइड. त्याने शुगर वाढते. म्हणून शुगर, बीपी, किडनीचा त्रास असेल, पोट राहिलेलं असेल किंवा अंगावर पाजत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही. उलटीची, चक्करची, दुखण्याची औषधं वेगळी. मेडिकलवाल्याला "कानदुखीचं काहीतरी द्या" म्हणून आणलेल्या थेंबांनी यातलं काहीच होत नाही.

डॉक्टरांना सांगताना "कान दुखतो" एवढंच सांगून थांबू नका. दुखायला कधी लागलं, फोड कधी आले, तोंड कोणत्या दिवशी आणि किती वाजता वाकडं झालं, ऐकू येतं का, चक्कर येते का, हे कागदावर लिहून न्या. तिथे गर्दी असते, पाच मिनिटांत बोलणं उरकावं लागतं. फोड कानात लपलेले असतील तर स्वतः सांगा, "इथं बघा." कानाच्या डॉक्टरकडे आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवतील, तिथेही जा.

आता डोळ्याचं. हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे टाळता येतं आणि ते आपल्या हातात आहे. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ रात्रंदिवस उघडं. ते कोरडं पडतं, त्याला चरे पडतात, जखम होते आणि त्यातून नजर जाऊ शकते. चेहरा पुढे सुधारला तरी गेलेली नजर परत येईलच असं नाही. त्या ताईंचा डोळा लाल झाला तो कापसातल्या धुळीने आणि चुलीच्या धुराने. म्हणून दिवसा डॉक्टरांनी दिलेले डोळा ओला ठेवणारे थेंब, रात्री मलम, आणि झोपताना पापणी बोटाने हळूच खाली ओढून वरून कागदी चिकटपट्टी. पट्टीखाली डोळा खरंच मिटलेला आहे याची खात्री करा. उघड्या डोळ्यावर कापूस ठेवून बांधलं तर तोच कापूस बुबुळाला घासतो. बाहेर जाताना साधा गॉगल लावा. बाजारातला शंभर रुपयांचाही चालतो, लोक हसले तर हसू द्या. धान्य पाखडणं, मळणी, चुलीपुढे बसणं काही दिवस दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. डोळ्यात मध, गुलाबपाणी, बाळंतिणीचं दूध घालू नका. डोळा दुखला, लाल झाला, अंधुक दिसलं तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे. आणि नागीण कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आली असेल तर ती दुसऱ्या नसेची, पण तीही डोळ्यात उतरू शकते, म्हणून तिथेही हाच नियम.

फोड फोडायचे नाहीत, त्यावर काव, चुना, शाई, राख लावायची नाही. जखम चिघळते आणि डॉक्टरांना खालचं काही दिसत नाही. आंघोळ करायला हरकत नाही. विटाळ पाळल्यासारखं बाईला कोपऱ्यात बसवायचं काही कारण नाही. फक्त एक काळजी घ्या. फोडातलं पाणी ज्याला कांजिण्या कधी झालेल्या नाहीत त्याला लागलं तर त्याला कांजिण्या होऊ शकतात, नागीण नाही. म्हणून खपली धरेपर्यंत तान्ह्या बाळापासून आणि गरोदर सुनेपासून थोडं लांब राहायचं, टॉवेल वेगळा ठेवायचा.

नागिणीची लसही आता भारतात मिळते. पन्नाशीनंतरच्या लोकांना देतात, दोन डोस असतात. पण ती सरकारी लसीकरणात नाही आणि खासगीत बरीच महाग आहे. ज्यांना परवडेल त्यांनी डॉक्टरांना विचारावं. आपल्यापैकी बहुतेकींना वेळेवर दवाखाना गाठणं हाच मार्ग आहे.

वेळेवर दवाखाना गाठणं म्हटलं की पैसा आला. त्या सोमवारी सुनेने मला सांगितलं की गुरुवारीच तालुक्याला जायचं म्हणत होते, पण घरात तीनशे रुपये होते आणि कापसाचे पैसे यायचे होते. गटाच्या पेटीत त्या दिवशी रक्कम होती. "पण बैठक तर पुढच्या महिन्यात, मधेच कसं मागायचं?" असं त्या म्हणाल्या. हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. आजारपणाचं अंतर्गत कर्ज बैठकीची वाट पाहत नाही. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांनी ठरलेल्या रकमेपर्यंत त्याच दिवशी पैसे द्यायचे आणि पुढच्या बैठकीत इतिवृत्तात नोंद घ्यायची, असा ठराव काही गटांनी केलेला आहे. ज्यांच्या वहीत नाही त्यांनी येत्या बैठकीत तो घ्यावा, आणि रक्कम किती ते तिथेच ठरवावं. मसुदा हवा असेल तर सीआरपी ताईंकडे पाठवला आहे.

बरं होण्याबद्दल विचाराल. लवकर उपचार झाले तर बरेच जण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे होतात. पण या आजारात बेल्स पाल्सीपेक्षा मागे काहीतरी उरण्याची शक्यता जास्त असते. नस सावकाश भरून येते, आठवडे नाही तर महिने लागतात. फिजिओथेरपीवाले आरशासमोर हळू करायचे व्यायाम शिकवतात. जोरजोरात चोळणं, गाल ओढणं असलं काही करू नका. त्या काळात बाई घराबाहेर पडायचं टाळते, लग्नाला जात नाही, फोटोत येत नाही. तिला भेटायला जा. "काय झालं तुझ्या तोंडाला" हे आल्या आल्या विचारू नका. पातळ पदार्थ ओघळतात म्हणून ती चारचौघांत चहाला नको म्हणते. ते समजून घ्या आणि तिला अर्धाच कप द्या.

आमच्या ताईंना आठ महिने झाले. डोळा आता मिटतो, नजर वाचली. खूप हसल्या की डावा डोळा आपोआप बारीक होतो. नस परत जुळताना तारा थोड्या अदलाबदल होतात, त्याचं हे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं ते तसंच राहिलं. बैठकीत त्या आता दाराजवळच्या कोपऱ्यात बसतात, म्हणजे सगळ्या जणी त्यांच्या उजव्या बाजूला येतात. मागच्या महिन्यात एक नवीन सून कानावर पदर धरून आली, तर माझ्याआधी त्यांनीच तिचा पदर बाजूला केला आणि मोबाईलची बॅटरी लावायला सांगितली. मळच होता.